एकादशीचा ब्रश

आमच्या ह्यांचा वरचा पुढचा दात पडला, तेव्हा मंत्रातला 'स' शिट्टीसारखा वाजायला लागला. भिक्षुकी करणाऱ्याने असं तोंड घेऊन यजमानाकडे कसं जायचं? म्हणून सिटी सेंटर भागातल्या दातांच्या दवाखान्यात जाऊन हाडात स्क्रू बसवून पक्का दात लावून घेतला. तीन वर्षांत त्याच्याभोवती हिरडी सुजली, पू यायला लागला.

डॉक्टर सुश्रुत ओळखीतलाच. एक्स-रे बघून म्हणाला, "काकू, हड्डी गल रही है. हिरडी उघडून स्क्रू साफ करतो, पण गेलेलं हाड परत येईलच असं नाही. उरलेलं टिकवायचं तर ब्रश रोज. एक दिन भी छूटना नहीं चाहिए. नाहीतर हा दात जाईल, आणि दुसरा बसवायला हाडच उरणार नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते. एकादशी, अमावास्या, श्राद्धाचा दिवस असला की दात घासायचे नाहीत, नुसत्या बारा चुळा भरायच्या, हा ह्यांचा नेम. पितृपक्षात तर ह्यांना रोज कुठे ना कुठे श्राद्ध असतं, म्हणजे पंधरवडाभर ब्रश कोरडाच.

हिरडी साफ झाली, टाके निघाले, आणि आली एकादशी. मी बेसिनपाशी ब्रश घेऊन उभी राहिले.

"माझा नेम आहे," हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "दाना ओलीतल्या शांताताईंना शुगर आहे म्हणून उपास सोडायला कोणी लावला? आजाऱ्याला नेम नाही, असं फोनवर कोण सांगत होतं? जगाला सूट, आणि स्वतःला नाही? मधुसूदन, घासा दात!"

उखाण्याबाहेर ह्यांचं नाव मी पहिल्यांदाच घेतलं. ह्यांनी मुकाट्याने ब्रश घेतला. फेस गुलाबी आला, हिरडीतून अजून रक्त येत होतं. मग नेम मोडला म्हणून ग्वाल्हेरच्या थंडीत गार पाण्याने दुसऱ्यांदा आंघोळ केली. आंघोळ त्यांची, ब्रश माझा.

पुढे एकही दिवस चुकला नाही. अमावास्येलाही ब्रश, वर दुसरी आंघोळ. रोज सकाळी मी फेस तपासायची, हे चिडायचे, तरी घासायचे. दातांच्या फटीत घालायचा बारका ब्रश तर पळी-पंचपात्राच्या पिशवीतून यजमानांकडेही जायला लागला.

उन्हाळ्यात पुन्हा एक्स-रे काढला. "हाड तिथंच आहे, काकू," सुश्रुत म्हणाला. "टस से मस नहीं हुई."

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. बेसिनपासून ह्यांचीच हाक आली, "अगं, ये. बघून घे."

फेस पांढरा होता. तरी मी बराच वेळ वाकून बघत राहिले. डोळे भरून आले होते, आणि ते ह्यांना दाखवायचे नव्हते.