मास्टरांचा निळा दिवा

मधुकरराव फुलं आणायला बाहेर पडले, त्यांच्या चपलांचा आवाज गल्लीत विरला, तशी कमलिनीनं शिलाई मशीनच्या मागे हात घातला आणि पिन उपटली.

मशीनवरच्या डब्यातले घड्याळाचे लाल आकडे विझले. एवढा तोरा मिरवणारी वस्तू, आणि जीव बघावा तर दोन बोटांत!

"बस आता सुम्ने, गप्प," ती डब्याला म्हणाली. "आज बघू, वठार कुणाच्या पायाशी येतं ते."

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातलं ते वठार म्हणजे एका अंगणाभोवती चार बिऱ्हाडं, त्यांत मराठी फक्त कमलिनीचं, आणि चौघांत मिळून एक नळ. दाब कमी म्हणून नळ मागच्या खड्ड्यात उतरवलेला. रस्ता खोदल्यापासून पाण्याला वेळ राहिली नव्हती. सकाळी येई, दुपारी येई, आलं तर घटकाभर टिके. पण येण्याआधी पाइप एक लांब श्वास घेई. पाइप कमलिनीच्याच उंबऱ्याखालून गेलेला, त्यामुळे तो श्वास फक्त तिला ऐकू येई. ती भाजी चिरत असो की कुणाची उणीदुणी काढत असो, मध्येच थांबून हाळी देई, "नीरु बंतु!" पाणी आलं म्हणताच बायका घागरी घेऊन धावत. शाळेचं तोंड तिनं दुसरीपर्यंतच पाहिलं होतं. पण वठारात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे, ते या हाळीमुळं. जिच्याशी वाकडं, तिच्या दाराशी हाळी जरा उशिरा पोचे.

मग तिच्या म्हाताऱ्याला खूळ लागलं. शिलाईचं काम कमी झालं तसे मधुकरराव मोबाइलवर बघून बघून घड्याळं, दिव्यांच्या माळा असलं काहीबाही जोडू लागले. ब्लाउजला हुक लावावा तसे सोल्डरचे बारीक बारीक डाग द्यायचे. नखाएवढ्या काळ्या चिपला ते मायक्रोकंट्रोलर म्हणत. कमलिनी तिला सवत म्हणे. तोवर ठीक होतं. पण मागच्या महिन्यात त्यांनी पाइपला सेन्सर बांधला, तो घड्याळाच्या डब्याला जोडला आणि चारी घरांत एकेक निळा दिवा लावला. पाणी आलं की दिवा लागे. सगळ्यांकडे, एकाच वेळी. वठार 'मास्टर, मास्टर' करू लागलं. जन्मभर बायकोच्या मागं उभा राहिलेला माणूस अंगणात खुर्ची टाकून बसू लागला. आणि कमलिनीच्या दाराशी 'अक्का, आज पाणी कधी?' म्हणून विचारायला कुणी येईना.

तिचा बेत साधा होता. आज समोरच्या शांताक्काच्या लेकीचं, नव्याचं, सीमंत. आपल्यात डोहाळजेवण म्हणतात तेच. एच. डी. कोट्याहून सासरची माणसं दुपारी पंगतीला यायची होती आणि शांताक्काच्या पिंपातलं पाणी तळाला गेलं होतं. पाणी येईल, दिवा लागणार नाही, आपण हाळी देऊ, सगळ्या धावतील. 'अक्का नसत्या तर आज अब्रू गेली असती,' असं शांताक्का चारचौघांत म्हणेल. बस्स. एवढंच ऐकायचं होतं.

ठेवणीतलं मैसूर सिल्क नेसून ती उंबऱ्यावर अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली.

"अक्का, उन्हात का बसलात?" शांताक्का दारातून म्हणाली. "आत या की. नव्याला बांगड्या भरायच्यात."

"आणि नळाकडे कुणी बघायचं? तुझ्या व्याह्यानं?"

"मास्टरांचा दिवा आहे ना! आता तरी जिवाला आराम द्या."

कोपऱ्यातल्या घरातला नागराज, ऑटो चालवणारा, स्टुलावर चढून आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होता. तो वरूनच म्हणाला, "अज्जी रिटायर झाल्या, शांताक्का. पेन्शन काय द्यायची बोला."

"रोज एक घागर!"

सगळे हसले. आत बसलेली नव्यासुद्धा पोट धरून हसली. आणि त्या हसण्यातच पाइपनं श्वास घेतला.

हाळी कमलिनीच्या ओठांवर आली होती. तिनं तोंड मिटलं. पेन्शन देतात मला! लागू दे तुमचा दिवा.

तिनं एक शेंग सोलली. मग दुसरी. आता उठू, आता सांगू, असं म्हणत होती. पायाखालून पाणी धावत होतं, ते तळव्यांना कळत होतं. नागराजनं तोरणाची दुसरी गाठ मारली. नव्या बांगड्यांचे हात पुढे करत दाराशी आली. "अज्जी, छान दिसतात ना?"

"छान," म्हणून कमलिनीनं पुढची शेंग उचलली. आता सांगावं, तर इतका वेळ का नाही सांगितलं? उगीच गप्प राहावं, तर...

पाइपनं एक उचकी दिली आणि तो निपचित झाला.

इतक्यात? निदान दोन घागरी भरण्याइतकं तरी टिकेल असं तिनं धरलं होतं. ती शेंगांचं सूप बाजूला सारून आत गेली आणि पिन परत खोचली. लाल आकडे लुकलुकले. झालं. आता कोणाला काय कळतंय?

ती बाहेर येते तोच गल्लीतून एक बाई डोक्यावर भरली घागर घेऊन गेली.

"पाणी आलं होतं काय?" नागराजनं ओरडून विचारलं.

"येऊन गेलं की! झोपला होतात?"

हातात जाईजुईचे गजरे घेऊन मधुकरराव आत शिरले ते या गोंधळात.

"मास्टर, काय हो हे?" शांताक्काचा आवाज फाटला. "दिवा लागलाच नाही! माणसं निघालीत तिकडून. त्यांचे पाय कशानं धुऊ? माझ्या डोळ्यांच्या पाण्यानं?"

मधुकररावांनी गजरे कट्ट्यावर ठेवले आणि ते मशीनपाशी गेले. सगळे त्यांच्या मागं. त्यांनी घड्याळ पाहिलं. वीज गेली की ते शून्यापासून चालू लागे. मोबाइलात बघून ते नीट लावावं लागे. दर वेळी ते तसं लावत, आणि कमलिनी दर वेळी हसे. आत्ता त्यावर शून्यं होती, आणि शेवटी इवलासा एक आकडा.

"करंट गेला होता का रे?"

"छे! आमचा पंखा फिरत होता की."

मधुकररावांनी मान वळवून एकदा, फक्त एकदाच, बायकोकडे पाहिलं. मग डब्याकडे तोंड करून म्हणाले, "चूक माझी आहे. झोपलेला दिवा आणि मेलेला दिवा दिसायला सारखाच. जिवंत असल्याची वेगळी खूण ठेवायला हवी होती. मी नाही ठेवली."

"मग लावलात कशाला?" नागराज म्हणाला. "अज्जींची हाळी काय वाईट होती? तुम्ही आपले ब्लाउज शिवा, मास्टर. हे तुमचं काम नव्हे."

हेच तर तिला ऐकायचं होतं. अगदी हेच. मधुकरराव वाकून भिंतीवरच्या दिव्याची तार सोडवू लागले. त्यांचे कान लाल झाले होते. याहून जहरी बोलणी तिनं त्यांना जन्मभर ऐकवली होती. पण ती ऐकवायचा हक्क तिचा होता. हा कोण कालचा पोरगा?

"एय नागराज, जीभ आवर!" ती रागाच्या भरात मराठीतच कडाडली. आणि मग कन्नडमध्ये म्हणाली, म्हणजे कुणाला समजलं नाही असं नको, "पिन्नु नाने तेगदे."

ती नवऱ्याकडे वळली. "पिन मी काढली. पाणी आलेलं मला कळलं होतं. मी बोलले नाही."

शांताक्कानं शिवी दिली असती तर परतवता आली असती. शांताक्का नुसती वळली. नव्याचा हात धरून तिला घेऊन गेली.

"ऑटो काढ," कमलिनी नागराजला म्हणाली. "आमच्या विठ्ठल मंदिरात बोअर आहे. घागरी मी भरते."

तिनं खेपा केल्या. मंदिरात कुणी विचारलं तर 'घरात कार्य आहे' एवढंच सांगितलं. सिल्कच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत भिजल्या, केस सुटले. शांताक्का तिच्या हातून घागर घेत नव्हती. 'तिथं ठेवा' म्हणून बोटानं जमीन दाखवत होती. ती तिथं ठेवत होती.

पाहुणे आले. पाय धुतले गेले. नव्याची ओटी भरायला वठारातली थोरली सवाष्ण म्हणून पहिला मान कमलिनीचा. शांताक्कानं कोट्याच्या विहीणबाईंना हाक मारली.

अंगणात पंगत बसली. कडेला घागर घेऊन उभ्या असलेल्या कमलिनीकडे बघून टोकाच्या ताटावरच्या एका तरुण पाहुणीनं बोटं नाचवली.

"ए पाणीवाली! इकडे कुणाला दिसतच नाही का?"

पंगतीतल्या मधुकररावांचा घास हातातच राहिला. "अहो, त्या आमच्या..." म्हणत ते उठू लागले. कमलिनीनं त्यांना नजरेनंच खाली बसवलं. शांताक्का सांबाराचं पातेलं घेऊन तिथंच उभी होती. तिनं ऐकलं, आणि ती पुढं वाढत गेली.

कमलिनीनं पदर खोचला. वाकली, आणि त्या मुलीचं भांडं काठोकाठ भरलं. एक थेंब सांडला नाही. मग ती पुढच्या ताटाशी गेली.