वाल नेराचा अडसर

"अडसर लावलेला होता?" पोलिसाने विचारलं.

"होता," प्लासी म्हणाला.

खोटं म्हणावं तर ते खोटं नव्हतं. पोलिसाची गाडी चढ चढून आली तेव्हा लार्चच्या लाकडाचा तो जाड वासा रस्त्यावर आडवा होता. पोलिसाने स्वतःच्या हाताने त्याची खिटी काढून गाडी पुढे घेतली होती. त्याने वहीत तसं लिहिलं, घळीच्या तोंडाशी उभं राहून टोपी काढली, आणि म्हणाला, "ह्या सपाट मुलखातल्या लोकांना काय सांगायचं, प्लासी? डोंगर म्हणजे त्यांना उभं केलेलं मैदान वाटतं. बंद म्हणजे बंद, हे डोक्यात शिरतच नाही."

प्लासीने मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही, म्हणून तर माणसं ती इतकी हलवतात.

गावच्या डोंगरी रस्त्यांची देखभाल गेली चाळीस वर्षं प्लासीकडे होती. वाल नेराची घळ गावापासून पायी तासाभराच्या चढावर. चढ संपतो तिथे अडसर, आणि तिथून दीड किलोमीटर उतार, थेट पुलापर्यंत. हिवाळ्यात वरून बर्फाचा लोंढा येतो, पूल असला तर घेऊन जातो. म्हणून वरच्या कुरणांतली गुरं उतरली की पुलाच्या फळ्या काढायच्या, गावातल्या कोठारात रचायच्या आणि जूनमध्ये परत ठोकायच्या. मागे दोन लोखंडी तुळया तेवढ्या राहतात. प्लासीच्या आज्यापासून हे असंच चालत आलेलं. ह्याची कोणी पाटी लावली नाही. गुरं उतरली म्हणजे पूल गेला, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक.

पण सायकलवाल्यांना गुरांचं काय ठाऊक? चार वर्षांपूर्वी पर्यटन कार्यालयाने खडीवरून चालवायच्या सायकलींसाठी मार्ग आखला: गाव, वाल नेरा, वरची कुरणं, पलीकडच्या खोऱ्यात उतार. आखणारी प्लासीचीच मुलगी, मेंजा. बाप-लेकीने मिळून ते केलं होतं. तिने नकाशा काढला, ह्याने उन्हाळाभर खडी टाकून रूळ फिरवला. जाड टायरच्या, वाकड्या दांड्यांच्या त्या सायकली एकामागून एक वर जायला लागल्या तेव्हा म्हातारा बाकावर बसून त्या मोजायचा. कोणी खडीचं कौतुक केलं की त्याला आठवडाभर पुरायचं. मार्ग उघडा की बंद हे मेंजा फोनवरच्या नकाशात दाखवायची, हिरवा नाहीतर लाल. फळ्या कधी काढणार ते बापाने सांगायचं आणि तिने लाल करायचं, एवढं साधं काम होतं.

ह्या वर्षी शुक्रवार ठरला होता. गुरुवारी सकाळी प्लासीच्या खांद्याने बर्फाची वर्दी दिली. रेडिओपेक्षा त्याचा त्या खांद्यावर जास्त विश्वास. तो ट्रॅक्टर घेऊन एकटाच निघाला. पलीकडच्या टोकापासून सुरुवात करून दुपारपर्यंत अर्ध्या फळ्या काढल्या, भरल्या आणि जेवायला गावात आला. येताना अडसर उघडाच ठेवला. तासाभरात परत यायचंच होतं. तो ओला वासा दोनदा उचलायचा म्हणजे खांद्याचं भजं. दरवर्षी तो असाच उघडा ठेवायचा, आणि दरवर्षी गुरं उतरल्यावर त्या रस्त्याला काळं कुत्रं फिरकायचं नाही. म्हणजे पूर्वी.

"अर्धं काम उरकलं. अडसर उघडाच आहे, जेवून लगेच जातो," जवाचं सूप भुरकत तो मेंजाला म्हणाला होता.

"आज? बाबा, शुक्रवार ठरला होता ना?"

"बर्फ तुझ्या शुक्रवारची वाट बघणार आहे का?"

"बरं, कार्यालयात गेले की लाल करते. आधी जेवा तरी शांतपणे."

आणि तो शांतपणे जेवला. पावाचा दुसरा तुकडा घेतला, वर कॉफी घेतली.

परत गेला तेव्हा उरलेल्या अर्ध्या पुलावर टायरचा ओला माग होता. मग फळ्याच नव्हत्या. वळणावरून येणाऱ्याला आधी फळ्या दिसतात, आणि घळीतल्या सावलीत पुढचं काही दिसत नाही. माणूस खाली दगडांत पडला होता, सायकल त्याच्याही खाली. प्लासी हातापायांवर उतरला. पंचेचाळिशीचा असेल, दाढीत थोडं पांढरं. डोळे उघडे होते.

"उघडं होतं," तो माणूस म्हणाला. मग कुणीतरी रागावेल अशा भीतीने पुन्हा म्हणाला, "उघडं होतं ना?"

"हो," प्लासी म्हणाला. "उघडंच होतं. मी माणसं आणतो. हलू नका."

घळीत फोन लागत नाही, तो अडसरापाशी लागतो. त्याने ट्रॅक्टर हाणला तसा आयुष्यात कधी हाणला नव्हता. अडसराच्या बाहेर आला, थांबला, खाली उडी मारली, तो वासा दोन्ही हातांनी उचलून खोबणीत बसवला, खिटी घातली, आणि मग फोन केला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेला तो दुसराच. चालता यायला लागल्यापासून ह्या डोंगरातल्या पोराच्या कानीकपाळी एकच ओरडलेलं असतं: शेवटी जाईल त्याने फाटक लावायचं. प्लासीच्या हातांनी ते केलं. डोकं त्या वेळी खाली दगडांत होतं. खिटी आत गेल्याचा आवाज झाला तेव्हा त्याला कळलं आपण काय करतोय, आणि तरीही त्याने ती काढली नाही, कारण फोन लागला होता. बोलणं झाल्यावर तो वाशाखालून वाकून पायी खाली पळाला. पोचला तेव्हा त्या माणसाचे डोळे तसेच उघडे होते, पण बघत नव्हते.

हेलिकॉप्टर आलं, पोलीस आला. अडसर लावलेला होता? होता.

गावाने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सायकल वाशावरून उचलून नेली म्हणे. हे असेच मस्तवाल. वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या: बंद अडसर ओलांडून पर्यटकाचा मृत्यू. गुत्त्यात कोणीतरी प्लासीच्या पाठीवर थाप मारली, "तू का तोंड पाडून बसलास? तू तर बंद केला होतास!" प्लासी पेला तसाच ठेवून घरी आला.

मेंजा स्वयंपाकघरात उभी होती. तीन दिवस ती बापाशी नीट बोलली नव्हती.

"बाबा, एकदाच सांगते. त्या दिवशी जेवताना तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलं नाही. कळलं?"

"तू ऐकलंस, मेंजा."

"नाही ऐकलं. आणि नकाशा मी तीन वाजता लाल केला. तो माणूस दोनला वर गेला, हिरवा बघून. तुम्ही तोंड उघडलंत तर माझंही उघडं पडेल. गेलेला माणूस काही परत येणार नाही."

ती रडत नव्हती, आणि तेच प्लासीला बघवेना. तो मूग गिळून बसला. पुढचे दहा दिवस बसून राहिला, आणि रोज रात्री खिटीचा तो आवाज ऐकत राहिला.

अकराव्या दिवशी त्या माणसाची बायको आली. तिचं नाव रेगुला. तिला जागा बघायची होती. कार्यालयाने रस्तेवाल्याला गाठायला सांगितलं, म्हणजे प्लासीलाच. तो तिला जीपमधून वर घेऊन गेला. अडसरापाशी त्याने जीप उभी केली आणि ती उतरली.

ती वाशाजवळ गेली. त्याच्यावर हात ठेवला, उचलून बघितला, तो जेमतेम हलला. मग कंबरेशी हात लावून तिने उंची मोजली.

"ह्याच्यावरून?" ती म्हणाली. "बेआटने ह्याच्यावरून सायकल उचलून नेली?"

प्लासी खिटीकडे बघत राहिला.

"तुम्हाला सांगू? तो फाटकं लावणारा माणूस होता. आम्ही फिरायला गेलो की दुसऱ्यांनी उघडी टाकलेलीसुद्धा मागे जाऊन लावून यायचा. आम्ही त्याला फाटकांचा मास्तर म्हणायचो. आणि मग मला सगळे सांगतात, त्याने बंद रस्ता ओलांडला. मी काय समजायचं? घरी एक बेआट होता आणि डोंगरात दुसराच होता?" तिने नाक पुसलं. "आमची नोएमी तेरा वर्षांची आहे. तिने त्याचं हेल्मेट कचऱ्यात टाकलं. म्हणते, बाबांना मजा करायची होती, आपल्यापेक्षा जास्त. अंत्यविधीला आली नाही. मी तिला काय सांगू, मलाही त्याचा राग येतो."

प्लासीला आधी मेंजा आठवली. कार्यालयातली तिची खुर्ची, तिने काढलेला नकाशा, लहानपणी त्याच्या ट्रॅक्टरवर बसून वर यायची ती. आपल्या पोरीला वाचवायचं तर ह्या बाईची पोर बापाला शिव्या देत मोठी होणार. एवढा सरळ हिशोब होता तो, आणि दहा दिवस तो चुकीच्या बाजूला बसला होता.

"अडसर उघडा होता," तो म्हणाला.

तिने मान वर केली.

"मी उघडा ठेवला होता. अर्ध्या फळ्या काढल्या आणि गावात गेलो. तुमच्या नवऱ्याने काही ओलांडलं नाही. नंतर बंद केला तो मीच, फोन करायला वर आलो तेव्हा. का केला ते मला सांगता येत नाही. सवय. पोलिसाने विचारलं, तेव्हा मी लावलेला होता म्हणालो."

"तो... जिवंत होता?"

"हो. म्हणाला, उघडं होतं. दोनदा म्हणाला. मी हो म्हणालो."

रेगुला वाशाला टेकली. तिने हातांत तोंड लपवलं. प्लासी वाट बघत होता, ती मारेल, ओरडेल. तिने खिशातून फोन काढला.

"इथे लागतो ना?"

"इथेच लागतो."

तिने नंबर लावला. "नोएमी, मी आहे. बाबांच्या रस्त्यावर आहे. फोन ठेवू नकोस. इथे एक गृहस्थ आहेत, त्यांचं ऐक." आणि फोन प्लासीपुढे धरला. "मला सांगितलंत ते तिला सांगा. पोलिसाला नंतर सांगालच."

प्लासीने फोन कानाला लावला. पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"बाळ, मी इथला रस्ते बघणारा. तुझ्या बाबांनी काही चूक केली नाही. अडसर उघडा होता. तो बंद ठेवायचं काम माझं होतं, मी ठेवला नाही. त्यांची काहीही चूक नव्हती. ऐकतेस ना?"

खाली घळीत पाणी वाजत होतं.

"मग तुम्ही तो बंद का नाही केलात?" पोरीने विचारलं.

प्लासीने खांदा आठवून पाहिला, बर्फ आठवून पाहिला, आज्यापासूनची रीत आठवून पाहिली. तेरा वर्षांच्या मुलीला सांगावं असं त्यातलं काहीच नव्हतं.

"मी जेवायला गेलो होतो," तो म्हणाला.