चौथ्या पायरीवरचा दात

बालवर्गाच्या बाईंची नोकरी त्या आठवड्यात एका दातावर अवलंबून होती, आणि तो दात त्यांचा स्वतःचाही नव्हता. खालच्या ओळीतला, पुढचा, डावीकडचा, दुधाचा. मालकीण मिरी, वय सहाला दोन महिने कमी, उंची बाकापेक्षा किंचित जास्त.

एवढी मोठी जबाबदारी एवढ्याशा दातावर कशी आली, ते सांगायला हवं. शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तीन दिवसांच्या शिबिराला गेल्या होत्या. माणसं शिबिराहून येतात तेव्हा एक फाइल आणि सर्दी घेऊन येतात. मोठ्या बाई ध्येय घेऊन आल्या. एक नव्हे, प्रत्येक मुलाला एक. मूल लहान असतानाच त्याला ध्येय ठरवायची आणि रोज मोजायची सवय लावली, तर पुढे ते आयुष्यात भरकटत नाही, असं शिबिरात एका गृहस्थांनी सांगितलं होतं. ते गृहस्थ स्वतः वाट चुकल्यामुळे दीड तास उशिरा पोचले होते, पण तो विषय वेगळा.

सोमवारी बालवर्गाच्या भिंतीवर दार ते खिडकी असा फलक लागला. त्यावर चोवीस जिने. प्रत्येक जिन्याला पाच पायऱ्या, आणि पायरी चढली की तिच्यावर एक सोनेरी तारा. वर मोठ्या बाईंनी लाल अक्षरांत लिहिलं, ‘तारखेशिवाय ध्येय म्हणजे नुसती इच्छा.’ वर्गात वाचता येणारं कोणी नव्हतं, त्यामुळे वाक्य कोणालाच खटकलं नाही. नियम तीन. ध्येय मुलानं स्वतः ठरवायचं. ते मोजता आलं पाहिजे. आणि झालं नसेल तर तारा नाही. हा शेवटचा नियम बाईंनी मुलांकडून रोज सकाळी म्हणूनही घेतला.

मुलांनी स्वतः ठरवायची ध्येयं पालकांनी घरून लिहून पाठवली. एका वडिलांनी चार वर्षांच्या मुलासाठी ‘नेतृत्वगुण’ लिहिलं होतं. बाईंनी त्याचं ‘रांगेत पहिलं उभं राहणे’ असं करून घेतलं. मिरीच्या घरून मात्र कोरा कागद आला. तिचे वडील नळदुरुस्तीची कामं करत. ते म्हणाले, “तिचं तिला विचारा बाई. मला माझंच माहीत नाही.”

विचारल्यावर मिरीनं एका दमात सांगितलं, “माझा दात पडायला पाहिजे.”

तिच्या बाकावरच्या तिघींचे पडले होते. तिघी खिंडीतून जीभ बाहेर काढून दाखवत, आणि हिच्याकडे दाखवायला नुसते दात. बाईंना हसू आलं, त्यांनी तेच लिहून टाकलं. मोठ्या बाईंनी लाल पेन घेऊन सगळी ध्येयं तपासली. ‘चांगलं वागणे’, ‘आनंदी राहणे’ अशी अकरा ध्येयं मोजता येत नाहीत म्हणून परत पाठवली. दातापुढे मात्र शेरा मारला, ‘उत्तम. नेमके. एकच अर्थ निघतो.’ दात पाडणं कोणाच्या हातात असतं, हा रकाना त्यांच्या तपासणीच्या कागदावर नव्हता.

सहा आठवडे बालवर्ग जिने चढत होता. ज्या मुलाचं ध्येय ‘फाटकाशी न रडणे’ होतं, तो फाटकातून हसत आत यायचा आणि वर्गात येऊन पोटभर रडायचा. नियमाप्रमाणे तारा द्यावाच लागला. ‘खेळणी वाटून घेणे’वाली मुलगी आपली बाहुली घेऊन दुसऱ्यांच्या मागे धावायची आणि न घेणाऱ्याला त्याच बाहुलीनं बडवायची. शंभरपर्यंत मोजायचं ठरवलेला पोरगा शंभर झाल्याशिवाय पाणी पिईना. पण तारे लागत होते. रंग उडालेल्या त्या खोलीत फलक एवढा चमकत होता, की शिपाईमामा झाडताना त्याच्याकडे पाठ करत.

मिरीचा जिनाही चढता होता. पहिली पायरी, दात हलतो. दुसरी, पुढेमागे हलतो. तिसरी, आडवा हलतो. चौथी, नुसता लटकतो. पाचवी, पडतो. चार तारे भराभर लागले. पुढे घोडं पेंड खाऊ लागलं. दोन आठवडे झाले, दात चौथ्या पायरीवर लटकत होता आणि त्याच्याखाली बाई लटकत होत्या.

कारण बाई तात्पुरत्या होत्या. सहा वर्षं तात्पुरत्या. दर मोठ्या सुट्टीआधी त्यांना कामावरून कमी करायचे आणि शाळा उघडली की परत घ्यायचे. मधले दोन महिने बाई आणि त्यांची आई घरात एकमेकींना ‘आज काय शिजवायचं’ हे विचारायचं टाळत. या वर्षी मोठ्या बाईंनी शब्द दिला होता. कायम करण्याचं पत्र टाइप होऊन त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडलं होतं. शुक्रवारी संस्थेचे अध्यक्ष फलक बघायला येणार. फलक पूर्ण भरलेला दिसला, की तिथंच सही.

“पूर्ण म्हणजे?” बाईंनी विचारलं होतं.

“पूर्ण म्हणजे पूर्ण. एकशे वीस तारे.”

घरी आई म्हणाली, “दोरा बांध आणि दाराला अडकव. तुझा मी तसाच काढला होता.”

“आई, ते दुसऱ्याचं लेकरू आहे.”

“मग नोकरी पण दुसऱ्याचीच राहील. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, तुझं तर दातांवाचून अडलंय.”

मंगळवारपासून मोठ्या बाई स्वतः आढावा घ्यायला येऊ लागल्या. मोबाइलचा दिवा लावून त्या मिरीच्या तोंडात बघत, आणि मिरी त्यांच्या नाकात बघे.

“गेल्या आठवड्यातही इथंच होता हा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “उपाययोजना काय केलीत?”

बाईंनी वही पुढे केली. उपाययोजनेच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वाट पाहणे’.

मोठ्या बाईंनी ते खोडून ‘गाजर’ लिहिलं.

बुधवारी गाजर आलं. मिरीनं ते आवडीनं खाल्लं, सगळं उजवीकडून. गुरुवारी सफरचंद आलं. मिरीनं ते शंभर मोजणाऱ्या पोराला देऊन टाकलं आणि त्याचे घास मोजले. गुरुवारी शाळा सुटताना बाईंनी शेवटी फाटकाशी तिच्या वडिलांना गाठलं. त्यांच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी होती.

“बाई, माझ्याकडे पक्कड आहे,” ते शांतपणे म्हणाले, “पण घरच्या माणसाला मी ती लावत नाही. आणि खरं सांगू, नळ जास्त पिळला की तो गळायचा थांबत नाही, तुटतो.”

शुक्रवार उजाडला. साडेदहाला मोठ्या बाई बालवर्गात आल्या. अंगावर ठेवणीतले कपडे, हातात ताऱ्यांचं पाकीट. फलकावर एकशे एकोणीस तारे, आणि एक पायरी पडलेल्या दाताच्या जागेसारखी मोकळी.

“लावा तारा,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

“पण दात...”

“आज ना उद्या पडणारच आहे ना? जगात कोणाचा दुधाचा दात राहिलाय का? आपण फक्त दोन दिवस आधी नोंद करतोय. अध्यक्ष काय तोंडं उघडून बघणार आहेत?”

त्या गेल्या. बाईंनी तारा बोटाच्या टोकावर घेतला. तसं पाहिलं तर बाई काही हरिश्चंद्राच्या घराण्यातल्या नव्हत्या. फाटकावरच्या रडण्याचे पाच तारे त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढूनच लावले होते. शिवाय दोन महिने, सहा वर्षं, आईचा चेहरा, सगळं त्या बोटाच्या टोकावर येऊन बसलं होतं. त्या जिन्यापाशी गेल्या. खाली मिरी मांडी घालून हत्ती रंगवत होती. तिनं मान वर केली.

“बाई, पडला नाही अजून.”

“माहीत आहे मला.”

“झालं नसेल तर तारा नाही,” मिरीनं आठवण करून दिली. रोज सकाळच्याच चालीत.

बाई खाली बसल्या. “हे बघ मिरी, हा तारा लागला नाही तर माझं एक काम अडतं.”

“तुमचं पण ध्येय आहे?”

“आहे.”

“फलकावर नाही.”

“मोठ्या माणसांचं ड्रॉवरमध्ये असतं.”

मिरीला ते पटलं नाही, पण तिनं वाद वाढवला नाही. “कितवी पायरी?”

“चौथी.”

“कधीपासून?”

“सहा वर्षं.”

मिरी रंगवायची थांबली. सहा वर्षं म्हणजे तिच्या आख्ख्या आयुष्यापेक्षाही जास्त. “हलतं का?”

“नाही गं, हलत नाही.”

“मग तुम्ही ढकलत नसाल,” मिरी म्हणाली. “मी रोज जिभेनं ढकलते. दुखतं थोडं.” आणि ती पुन्हा हत्तीकडे वळली, कारण त्याचा एक पाय राहिला होता.

बाईंच्या बोटावरचा तारा तोवर त्यांच्या बाहीला जाऊन चिकटला. तो सोडवायच्या आतच दारात काठी वाजली आणि अध्यक्ष आत आले, मागोमाग मोठ्या बाई. अध्यक्षांचं आयुष्य लोखंडी खिळे विकण्यात गेलं होतं. मोजल्याशिवाय ते कोणतीही वस्तू बघत नसत. त्यांनी काठीच्या टोकानं फलक मोजायला सुरुवात केली. खोलीत नुसती टकटक.

“एकशे एकोणीस,” ते म्हणाले. “चोवीस पंचे एकशे वीस. एक कमी भरतोय.”

मोठ्या बाईंनी बाईंकडे असं पाहिलं, की फाटकाशी न रडणारा मुलगा रडायला लागला.

“एक दात पडायचा राहिलाय, साहेब,” बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी तोंड उघडायला सांगितलं, मिरीनं उघडलं, त्यांनी जाणकारासारखी मान हलवली. “लटकलाय. पडेल.”

“म्हणजे लागल्यातच जमा धरायला हरकत नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“आणि साहेब, आणखी एक ध्येय फलकावर यायचं राहिलंय,” बाई म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. पण हातात पेन आला होता. फलकाच्या कडेला बोटभर जागा होती, तिथं त्यांनी पंचविसावा जिना काढला. “ध्येय, बालवर्गाच्या बाईंनी कायम होणे. पहिली पायरी, अर्ज. झाला. दुसरी, नेमणूक. ती सहा वेळा झाली. तिसरी, कामाचा चांगला अहवाल. तोही दरवर्षी येतो. चौथी, पत्र टाइप होणे. झालंय.” त्यांनी पेन मोठ्या बाईंपुढे धरला. “पाचवी, सही. फक्त तारीख तेवढी लिहा. तारखेशिवाय ध्येय म्हणजे नुसती इच्छा, असं आपणच वर लिहिलंय.”

मोठ्या बाईंनी वर बघितलं. अक्षर त्यांचंच होतं, आणि लालही होतं.

“पत्र तयार आहे?” अध्यक्षांनी विचारलं. “मग अडलंय कुठं?”

“अडलं असं नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “फलक पूर्ण भरला की करायचं ठरलं होतं. आणि फलक, म्हणजे हा दात...”

काही वाक्यं मनात भारदस्त वाटतात, तोंडातून निघाली की त्यांची रया जाते. हे त्यातलंच होतं. मोठ्या बाई अर्ध्यावर थांबल्या.

“म्हणजे या बाईंची नोकरी या पोरीच्या दातावर टांगलीय?” अध्यक्ष म्हणाले.

मिरीनं तोंड मिटून घेतलं, अजून कोणी काही टांगू नये म्हणून.

“चाळीस वर्षं खिळे विकले मी,” अध्यक्ष म्हणाले. “कशावर काय टांगावं ते कळतं मला. आणा पत्र.”

पत्र आलं. मात्र अध्यक्षांनी खिसे चाचपले आणि चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. न वाचता ते सही करत नसत. सहा वर्षांत बाईंनी राहिलेले चष्मे, संपलेले शिक्के आणि गावाला गेलेले कारकून पुष्कळ पाहिले होते. त्यांनी पेन खाली ठेवला नाही.

“मग तारीख कोणती घालू?” त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघितलं. “बुधवार,” ते म्हणाले. “तुम्ही लिहू नका. यांना लिहू द्या.”

मोठ्या बाईंनी स्वतःच्या हातानं, पाचव्या पायरीवर, बुधवारची तारीख घातली. अक्षर जरा वाकडं आलं, पण एकच अर्थ निघत होता.

दात रविवारी पडला. शाळा बंद, फलक कुलपात, साक्षीला फक्त नळवाले वडील. सोमवारी मिरीनं तो काड्यापेटीत घालून आणला, आणि खिंडीतून जीभ बाहेर काढून दिवसभर कोणाशी बोलली नाही, नुसती दाखवत राहिली. बुधवारी अध्यक्ष दोन चष्मे घेऊन आले, पत्र दोनदा वाचलं आणि सही केली. शेवटचा तारा मोठ्या बाईंनी लावला, अंगठ्यानं दाबून दाबून.

त्याच दुपारी शिबिरवाल्यांना पाठवायचा अहवाल त्यांनी लिहायला घेतला. मुलं चोवीस, पूर्ण झालेली ध्येयं पंचवीस. मोठ्या बाईंनी हिशेब तीन वेळा केला, शिपाईमामांकडूनही करून घेतला. मग पेन उचलला आणि कोणताही संकोच न बाळगता लिहिलं, यश एकशे चार टक्के.