गोकुळबाबाचा न विझणारा बल्ब

संध्याकाळी ठरल्या वेळी लोडशेडिंग सुरू झालं. जामसरचे सगळे दिवे गेले, पण गोकुळबाबाच्या मठीत देवीमागचा बल्ब पापणीसारखा एकदा लवला आणि पुन्हा जळू लागला. चिखलात उभ्या असलेल्या गर्दीनं हात जोडले. देवीच्या पायाशी काहीतरी चिवचिवू लागलं.

"माता बोलली!" ठाण्याला राहून आलेला बाबा गरजला. "ज्योत है तब तक जान है! पोरीला उंबऱ्याबाहेर काढली की खलास!"

पोर म्हणजे पुतळी, माझी चौथीतली विद्यार्थिनी. दुपारी भातातलं गवत काढताना तिला साप चावला होता. आता ती देवीसमोर पडली होती, पापण्या उघडत नव्हत्या. जव्हारच्या दवाखान्यात न्यायला जीप दाराशी तयार होती, पण तिची आई कोंडी जागची हलत नव्हती. देवाचा दिवा लावून भगत, म्हणजे गावचा मांत्रिक, बसला की तो जळतो तोवर आजाऱ्याला उठवायचं नाही, ही इथली रीत. भगताचं तेल लवकर संपे आणि माणूस दवाखान्यात जाई. या भामट्याचा दिवा विझतच नव्हता.

ते लवणं, ती चिवचिव मला शाळेच्या संगणकामुळे ओळखीची होती. संतापून मी देवीखालचा लाल कपडा ओढला. आत यूपीएसचा डबा आणि त्याला जोडलेली गाडीची मोठी जुनी बॅटरी. मी बटण दाबलं. अंधार झाला. कोंडीनं किंकाळी फोडली.

"अगं, तिच्या छातीवर हात ठेव! दिवा गेला तरी श्वास चालू आहे!" मी ओरडलो.

तिनं हात ठेवला, पोरीला उचललं आणि जीपकडे धावली. बाबा मागच्या दारानं पसार झाला. जव्हार येण्याआधीच घाटात पुतळीचा श्वास थांबला.

सुतक फिटल्यावर मी गाव जमवून तो डबा, बॅटरी आणि बल्ब शाळेच्या ओट्यावर मांडला.

"भारी यूपीएसमध्ये बल्ब कायम बॅटरीच्या वाटेनंच जळतो, लाइट गेली तरी लवत नाही. हा स्वस्तातला. लाइट गेली की आतला खटका पडतो, मग बॅटरी लागते. तेवढ्यात बल्ब लवतो. चिवचिव म्हणजे बॅटरी चालू झाल्याची खूण. बल्ब छोटा, बॅटरी मोठी, म्हणून तो तासन् तास जळतो. जिवाशी त्याचा काही संबंध नाही."

मी भिंतीतली लाइटची वायर उपटली. बल्ब लवला, चिवचिव सुरू झाली. कोणी हसलं नाही.

"मंग गुरुजी," कोंडीनं विचारलं, "दुपारीच जीपमंदी घातली असती त माझी पोर वाचली असती?"

खोटं बोललो असतो तर तिला झोप तरी लागली असती. पण पुढचं पोर गेलं असतं.

"बहुतेक वाचली असती," मी म्हणालो.

ती उठली. मग बायांकडे वळली.

"साप चावला त दिवा नका बघू गं. गाडी बघा."