छातीतली डबी

सोमवारपासून माधवी नवऱ्याच्या खाटेजवळ जात नव्हती. पेजेची वाटी हात लांब करून स्टुलावर ठेवायची आणि लगबगीने दारात जाऊन उभी राहायची. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झालेली बाई, आणि नवऱ्याला हात लावायला घाबरत होती. तिची तिलाच लाज वाटायची, पण पाय पुढे पडत नव्हता.

नवऱ्याच्या, म्हणजे चात्तुक्कुट्टीच्या, डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढी डबी होती. थकलेल्या हृदयाला ठेका देणारी, आणि ते भलतंच उधळलं तर झटका देऊन ताळ्यावर आणणारी. सहा वर्षांपूर्वी त्याला तीन पायऱ्या चढवत नव्हत्या, झोपही बसूनच घ्यायचा. डबी बसली आणि दोन महिन्यांत गडी वाचनालयात जाऊन मोठ्याने पेपर वाचू लागला. जन्मभर कण्णूरच्या कारखान्यात विड्या वळणाऱ्यांना त्याने असाच पेपर वाचून दाखवला होता. तो आवाज परत आला म्हणून माधवीने मुत्तप्पन देवाचा नवस फेडला. शारजात नोकरी करणाऱ्या मुलाने, बाबूने, डबीच्या खर्चासाठी घर बांधायला घेतलेली जागा विकली होती. हे सगळं खरं. पण तेव्हा फायदा सांगायला पाच माणसं होती. हृदय पार झिजल्यावर हीच डबी काय करील, हे सांगायला एकालाही सवड झाली नाही.

ते माधवीने सोमवारी पाहिलं. तिचा हात धरून तो पडला होता. अचानक त्याचं अंग खाटेवरून उडालं, तोंडातून गुरासारखा आवाज आला, आणि तिच्याही बोटांना चटका बसला. तिने त्याचा हात झटकून टाकला. मंगळवारी दोनदा झालं, बुधवारी चार वेळा. दर वेळी ती दारातूनच म्हणायची, "गॅस आहे हो, दुसरं काही नाही." तो नुसती मान हलवायचा.

गुरुवारी सकाळी रजनी सिस्टर आली. शेवटच्या आजारातल्या माणसांना घरी जाऊन बघणारी ही नर्स. तिने पिशवीतून बांगडीएवढं जाड चुंबक काढलं.

"अम्मा, हृदय संपत आलंय. झटक्यांनी ते आता बरं होणार नाही. डॉक्टरांशी बोलूनच आलेय. हे डबीवर चिकटवलं की झटके थांबतात. ठेका चालूच राहतो."

माधवीने शारजाला फोन लावला, तसा बाबू ओरडला, "कोणी हात लावायचा नाही! शनिवारी पोचतोय मी. तोवर अच्छनला, माझ्या बापाला, मारायची एवढी घाई कसली गं, अम्मा?"

माधवी मनात हिशेब करू लागली. शनिवारपर्यंत असे किती झटके? आणि चुंबक लावलं नि बापलेकाची भेट चुकली, तर पोरगा जन्मभर हेच बोलून दाखवणार.

"त्यांना विचारलंत?" रजनीने खाटेकडे बघत विचारलं.

"त्यांना कुठे काय माहीत आहे! त्यांना वाटतं, गॅस आहे."

"गॅस!" खाटेवरून खरखरीत आवाज आला. "जन्मभर अख्ख्या कारखान्याला पेपर वाचून दाखवला, आणि ही मला गॅस शिकवते."

माधवीने पदराने तोंड झाकलं. रजनी खाटेवर टेकली आणि तिने त्याला सरळ सांगितलं: लावलं तर पुन्हा असा मार बसणार नाही, पण हृदय उधळलं, तर मागे आणणारंही कोणी नसेल.

तो डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "बाबूला सांगा, त्याच्या जागेवर मी सहा वर्षं राहिलो. झकास जागा होती." थोडा दम खाऊन त्याने विचारलं, "सिस्टर, हे लावल्यावर ही जवळ बसेल का?"

माधवी दारातून निघाली आणि तिनेच चुंबकावर चिकटपट्टी दाबून बसवली.

दुपारभर ती त्याचा हात धरून बसली. त्याचं बोट जरा हललं तरी ती दचकायची, दात आवळून चटक्याची वाट बघायची. तिसऱ्या प्रहरी त्याचा श्वास अडखळला, अंग ताठ झालं. तिने डोळे गच्च मिटले आणि पकड आणखी आवळली.

चटका आला नाही. बराच वेळ आला नाही. मग तिने डोळे उघडले. त्याचा श्वास थांबला होता, हात मात्र तिच्याच हातात होता.