चुकलं, साहेब

सारजाबाईने साहेबांवरून भाकरतुकडा ओवाळून फाटकाबाहेर टाकला, पायांवर पाणी ओतलं आणि ती बाजूला झाली. तेवढ्यात मोबाईल धरून उभा असलेला मॅनेजर म्हणाला, साहेबांचा चेहरा नीट आला नाही, परत एकदा घ्या. मग दुसरा तुकडा आला. दृष्ट काय दोन-दोनदा काढतात का, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तिने तो मुकाट ओवाळला. आज तिचं या घराशी काम होतं, आणि अशा दिवशी माणूस तोंड जरा आवरूनच धरतो.

साहेब म्हणजे सिनेमातला हिरो. लोणावळ्यात तुंगार्लीच्या चढावरचा हा बंगला त्याचा. मागे कधी तरी जुन्या हायवेवर, कार्ल्याच्या अलीकडे, त्याच्या गाडीखाली एक माणूस गेला होता. त्या खटल्यात आज सकाळी दोन वर्षांची शिक्षा झाली आणि दुपारच्या जेवणाला हिरो घरी आला. अपिलाचा निकाल लागेपर्यंत जामीन. तुरुंगातून सुटून आला म्हणावं, तर तो तुरुंगात गेलाच नव्हता. पण मॅडमना वाटलं, काहीतरी पारंपरिक करावं, आणि पारंपरिक म्हटलं की बंगल्यात सारजाबाईच होती. भांडी, फरशी आणि परंपरा, सगळं तिच्याच अंगावर.

तिचा मुलगा संदीप दुसऱ्याची पिकअप चालवायचा. घाटातल्या धुक्यात एक मोटारसायकलवाला उलट्या बाजूने आला आणि धडकला. संदीप पळाला नाही. त्यानेच त्या माणसाला उचलून गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं आणि पोलीस येईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहिला. माणूस वाचला नाही. संदीपलाही दोनच वर्षं झाली. शिक्षेत तसूभर फरक नव्हता. साहेब मात्र दिवाणखान्यात सरबत पीत होते आणि संदीप शिमग्यापासून पुण्याच्या जेलात होता. आता भात पोटरीला आलं होतं, सहा महिने होत आले होते.

बंगल्याची देखरेख करणारा नथूभाऊ खालच्या गावचा, शेतीवाडीचा माणूस. त्यानेच तिला आशा लावली होती. साहेबांचे मोठे वकील आज इथेच जेवणार, मी गाठ घालून देतो, म्हणाला. साहेबांना एका दिवसात सोडवतात, मग संदीपचं काय एवढं अवघड? सकाळपासून भांड्यांवर हात चालत होता आणि सारजाबाई मनात वकिलापुढची वाक्यं जुळवत होती.

जेवणं झाल्यावर वकील बडीशेप चघळत मागच्या ओट्यावर आला, तेव्हा नथूभाऊने तिला पुढे केलं. वकील काही वाईट माणूस नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली. ती पायरीवरच बसली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मोटारसायकल कुठून आली, पाहणारं कुणी होतं का, तेही विचारलं. हे तर चालवण्यासारखं प्रकरण होतं, म्हणाला. सारजाबाईच्या जिवात थोडा जीव आला. मग त्याने विचारलं, तुमच्या बाजूने वकील कोण होता?

"कुनी न्हवता. जजसायेबांनी इचारलं, वकील देऊ का म्हून. त्यो म्हनला, न्हाई साहेब, चुकलं माजं."

"म्हणजे गुन्हा कबूल केला?"

"व्हय," सारजाबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "वर तोंड क्येलं न्हाई त्यानं. हात जोडूनच हुबा व्हता."

वकील बडीशेप चघळायचा थांबला.

सारजाबाईच्या ठाकरवाडीत हीच रीत होती. फॉरेस्टच्या गार्डाने मोळी धरली की हात जोडायचे आणि चुकलं म्हणायचं. वाळलंच लाकूड होतं साहेब, असं सांगत बसणाऱ्याला तो चौकीवर नेई. चुकलं म्हणणारा दोन शिव्या खाऊन घरी येई. तिचा नवरा शिदू जन्मभर या एका शब्दावर निभावला होता. कोर्टाच्या दिवशी सकाळी पोराला जवळ बसवून त्यानेच सांगितलं होतं, मोठ्या साहेबापुढं वाद घालू नको, चुकलं म्हण, सोडतात.

"मावशी," वकील म्हणाला, "आमच्या साहेबांनी पहिल्या दिवसापासून एकच सांगितलं, माझी चूक नाही. म्हणून खटला चालला, आणि म्हणून आज अपील आहे. ज्याने स्वतःच कबूल केलं, त्याला अपील कशावर करणार? फार तर शिक्षा कमी करा म्हणता येईल. त्याची तारीख लागेपर्यंत त्याची शिक्षा भोगून होईल."

"खरं बोलला म्हून आत ऱ्हायचं का त्यानं?"

वकिलाने अंगणातल्या नळाकडे पाहिलं. "कायदा दोघांना एकच आहे, मावशी."

हेच वाक्य त्याने तासाभरापूर्वी फाटकाशी पत्रकारांना ऐकवलं होतं. तिथे त्याचा आवाज चांगला खणखणीत होता. इथे तो पुटपुटला, बघतो म्हणाला आणि आत गेला. असलं बघतो सारजाबाईने बऱ्याच कचेऱ्यांत ऐकलेलं होतं. तिला राग आला, पण तो कुणावर काढायचा, हे कळेना. वकिलावर काढावा, तर त्याने खुर्ची दिली होती.

नथूभाऊ मात्र चिडला. "कुनी शिकवलं व्हतं त्याला कबूल करायला?" त्याने विचारलं.

सारजाबाईने त्याच्याकडे पाठ केली. पदर खोचून ती राहिलेली भांडी घासायला बसली.

ती वाडीवर पोचली तेव्हा उन्हं कलली होती. शिदू पायवाटेच्या तोंडाशी दगडावर बसून होता. पोरगा जेलात गेल्यापासून तो तिथेच बसायचा. घासभर खाल्लं तर खाल्लं, नाही तर ताट तसंच सरकवायचा. गालफडं बसली होती. वकील भेटला का, त्याने विचारलं. ती भेटला म्हणाली.

"काय म्हनला?"

चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. धाप लागली की बोलायला थोडा वेळ घेता येतो. तिने तो घेतला.

"बघतो म्हनला."

"हात जोडलंस न्हवं? पोरगं चुकलं, कबूल क्येलंय त्यानं, आसं सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग सोडत्यात," शिदू म्हणाला. "कबूल क्येल्यावर सोडत्यात. मी म्हनलंच व्हतं त्याला."

तो गुडघ्यांवर हात देऊन उठला आणि तिच्या आधी घराकडे चालू लागला. आत जाऊन स्वतःच पाट मांडला आणि म्हणाला, भूक लागलीय. सारजाबाईने चूल पेटवून भात रांधला, त्याला वाढला, आणि तो पोटभर जेवेपर्यंत समोर बसून राहिली.