आर्लेथाच्या तळ्यातले मासे

रेव्हरंड थर्मन बॅटल रविवारी देवाचे आणि सोमवारी माशांचे, हे चर्चमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी त्यांचं प्रवचन साध्या बोलण्यातून सुरू व्हायचं. मग बोलण्याला लय यायची, लयीला सूर फुटायचा, ऑर्गनवाला तो सूर मागून उचलून धरायचा, आणि शेवटी रेव्हरंड बोलतायत की गातायत हे त्यांचं त्यांनाही कळत नसावं. बाकांवरची माणसं उभी राहायची, टाळ्यांचा ठेका धरायची, ‘सांगा, रेव्हरंड, सांगा!’ म्हणून साद घालायची. ज्यानं एकदा ते ऐकलं त्याचा आठवडा उजेडात जायचा. त्या सगळ्या सादांत वरचा आवाज आर्लेथा गेन्सचा. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण तिचं ‘आमेन’ असं की छताच्या फळ्या दणाणाव्यात.

आणि सोमवारी तेच रेव्हरंड जुनी पँट आणि गवती टोपी घालून आर्लेथाच्या तळ्यावर हजर.

तळं लहानच होतं. घरामागे, पाइनच्या झाडांखाली, लाल मातीचा बांध घालून तिच्या नवऱ्यानं, होझेयानं, हौसेनं केलेलं. त्यात त्यानं तळहाताएवढे ब्लूगिल मासे सोडले, आणि त्यांच्यावर पोसले जावेत म्हणून मोठ्या जातीचे बास मासे सोडले. होझेया जाऊन दोन वर्षं झाली होती. काठावर त्याच्या हातानं रंगवलेली पाटी अजून उभी होती : ‘धरलेला बास पाण्यात परत सोडावा.’ आर्लेथा ती पाटी फडक्यानं पुसायची, आणि गळ घेऊन येणाऱ्या प्रत्येकाकडून पाळून घ्यायची. ट्रॅक्टर विकला गेला होता, त्याचे कोट भाच्यांनी नेले होते. घरात होझेयाचं म्हणून आता काही चालत नव्हतं. हा एक शब्द मात्र चालत होता. तो चालतोय तोवर माणूस पुरता गेला असं तिला वाटत नसे.

एरवी ती मागच्या ओसरीवर बसून नुसतं ऐकायची. पाण्यातली डुबुक, रिळाची किरकिर, आणि रेव्हरंडांचं नाकातल्या नाकात गुणगुणणं. पण गेल्याच आठवड्यात तिच्या दुसऱ्या डोळ्याचाही मोतीबिंदू काढला होता. पाइनची सुई न् सुई वेगळी दिसत होती. त्या सोमवारी तिनं खुर्ची उचलली आणि थेट तळ्याच्या लाकडी धक्क्यावर आणून ठेवली.

“थर्मन, आधी बूट पूस. माझ्या फळ्यांवर चिखल नको.”

चारचौघांत ती त्यांना ‘रेव्हरंड, तुम्ही’ म्हणायची. तळ्यावर मात्र तो थर्मन; ती त्याला सगळीकडेच, चर्चच्या रीतीनं, सिस्टर. रविवारच्या बालवर्गात याचं नाक पुसलेली बाई ती, आणखी काय म्हणणार?

“पुसले, सिस्टर गेन्स. तुम्ही कशाला आलात उन्हात?”

“डोळे नवे आहेत, वापरून बघते. गांडूळ दाखव. मी जोडलेलंच आहे ना?”

मऊ प्लॅस्टिकची ती जांभळी गांडुळं मासे ओढाओढीत फाडून टाकायचे. फाटलेले तुकडे आर्लेथा स्वयंपाकघरात नेऊन काडीच्या ज्योतीवर टोकं वितळवून पुन्हा सांधायची. काही फेकून देणं तिला जमतच नसे.

“तुमचंच आहे. दुकानातलं कोरं इथल्या माशांना चालत नाही.”

“खोटं बोलू नकोस. आज सोमवार असला म्हणून काय झालं!”

रेव्हरंड हसले. गळाचं टोक त्यांनी गांडुळाच्या अंगातच लपवलं, म्हणजे शेवाळात अडकायला नको, आणि दोर कमळाच्या पानांशी नेमका टाकला. गांडूळ आपल्या वजनानं सावकाश तळाशी जाऊ दिलं. दोर जरासा थरथरला. त्यांनी ढील दिली, क्षणभर थांबले, आणि झटका दिला. मासा आला. ना उडी, ना झुंज, ओल्या चिंधीसारखा आला. रेव्हरंड चटकन पाठमोरे झाले, गळ सोडवला, मासा पाण्यात.

दुसरा आला. पुन्हा पाठ. तिसऱ्यालाही तेच.

“माझ्याकडे पाठ का करतोस रे?”

“ऊन येतं डोळ्यांवर.”

“ऊन त्या अंगाला आहे. आण तो मासा इकडे.”

रेव्हरंडांनी टोपी मागे सारली, पुढे ओढली, आणि शेवटी मासा तिच्या ओंजळीत दिला. आर्लेथानं तो डोळ्यांजवळ धरला. डोकं चांगल्या थोराड माशाचं होतं, पण त्यामागे अंग म्हणून काही नव्हतंच. पोट आत गेलेलं, पाठ सुरीच्या धारेसारखी. रिकामा मोजा वाळत घालावा तसा तो तिच्या बोटांवर लोंबत होता.

“अगं बाई! आजारी आहे हा.”

“नाही, सिस्टर.”

“मग काय झालंय त्याला?”

“उपाशी आहे.”

तिनं मासा तेवढ्यापुरता पाण्यात सोडला आणि हात एप्रनला पुसत राहिली. आर्लेथा गेन्सच्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलं नव्हतं. वीजमंडळाचा माणूस आला तरी मक्याचा ब्रेड खाल्ल्याशिवाय सुटत नसे.

“हा एकच?”

“सगळे. बास फार झालेत. खायला ब्लूगिल उरले नाहीत. पिल्लू दिसलं की दहाजण धावतात.”

“कधीपासून?”

“मागच्या उन्हाळ्यापासून.”

“आणि तू वर्षभर इथं येऊन बसतोस, माझं खातोस, आणि तोंडातून एक शब्द नाही?”

“सांगितलं की!” रेव्हरंड कळवळून म्हणाले. “तीनदा सांगितलं.”

“कधी?”

“रविवारी. व्यासपीठावरून.”

आर्लेथा त्यांच्याकडे बघतच राहिली.

“तो पीचच्या बागेचा शेतकरी,” रेव्हरंड एकेक बोट दुमडत म्हणाले. “कोवळी फळं तोडवेनात त्याला. सगळी ठेवली, आणि फांद्या मोडून पडल्या. तुमच्याकडे बघूनच गात होतो मी. तुम्ही रुमाल हलवत होता.”

“ते माझ्यासाठी होतं? मला वाटलं लवी क्रेन्शॉसाठी! तिच्या गायनमंडळात बेसूर बायांची भरती झालीय म्हणून!”

“ठाऊक आहे. जेवणाच्या वेळी तुम्ही जाऊन तिला तसं सांगितलंत. मला केक घेऊन तिच्या घरी जावं लागलं समजूत काढायला.”

“आणि ते बायबलमधल्या सैन्याचं? देव म्हणतो माणसं फार झाली, घरी पाठव, ते?”

“तेही तुमच्यासाठीच.”

“त्या दिवशी तर मी रडले होते, थर्मन!”

“म्हणून तर मला वाटलं, पोचलं एकदाचं. सोमवारी मोठ्या आशेनं आलो. तुम्ही पाटी पुसत होता.”

तिसरं वेलीच्या छाटणीचं. त्याबद्दल तिनं विचारलंच नाही. त्या रविवारी ती उभी राहून ओरडली होती, ‘ऐका लोकहो, ऐका!’ आणि मागच्या बाकाकडे वळून बघितलं होतं, ज्याला लागू आहे तो ऐकतोय की नाही म्हणून.

“देवासमोर छप्पर उडेल असा गरजतोस,” ती म्हणाली, “आणि एका म्हातारीला, बाई गं, तुझे मासे उपाशी आहेत, एवढं सांगवत नाही तुला?”

रेव्हरंड खाली बघत राहिले. मग त्यांचा आवाज आला, रविवारचा नव्हे, बालवर्गातल्या पोराचा.

“पाटी होझेयाच्या हातची आहे, सिस्टर गेन्स. ती पुसताना तुमचा चेहरा बघितलाय मी. वर उभा राहिलो की मला सूर सापडतो. इथं नाही सापडला.”

यावर रागावायचं कसं, हे आर्लेथाला सुचेना. ती पाण्याकडे बघत बसली. तळं नवं होतं तेव्हा चर्चमधले पुरुष बादल्या भरभरून बास घेऊन गेले होते. खाणारे गेले आणि ब्लूगिलचा नुसता बुजबुजाट झाला. तेव्हा चिडून होझेयानं पाटी रंगवली होती. बरोबर केलं होतं त्यानं. पण हाच होझेया कोलार्डच्या भाजीची रोपं वर आली की वाफ्यात बसायचा आणि तीनांतली दोन सरळ उपटायचा. तिला बघवत नसे. ती उपटलेली रोपं वेचून कुंपणाशी लावायची, आणि तो हसून म्हणायचा, “आर्लेथा, तुझ्या हाती शेत दिलं तर नुसता अनाथाश्रम होईल, खायला एक पान मिळायचं नाही.” आज तो असता तर कधीच बादली घेऊन या धक्क्यावर आला असता. पाटी त्यानंच उपटली असती. त्याचा शब्द ती सांभाळत होती, पण त्याची रीत मात्र तिच्या हातून सुटली होती.

“पाटी खोटी नव्हती,” ती शेवटी म्हणाली. “तेव्हाची होती.”

तिनं रेव्हरंडांपुढे हात केला.

“काठी दे.”

“मी धरतो की, तुम्ही कशाला—”

“पहिला मी काढणार. माझं तळं आहे.”

तिनं दोर टाकला. होझेयासारखा लांब नाही गेला, पण गेला. गांडूळ बुडू दिलं, काठीचं टोक खाली ठेवलं, बोट दोरावर. दोराला बारीकशी टकटक झाली. रेव्हरंड पुढे झुकले. “ढील, ढील,” ते पुटपुटले.

“गप रे. होझेयाच्याही आधीपासून मासे धरतेय मी.”

तिनं ढील दिली आणि झटका मारला. मासा आला, तसाच, मोठ्या डोक्याचा. गळ सोडवला आणि सवयीनं हात पाण्याकडे वाकला. बोटं उघडायचीच होती, पण ती तशीच मिटलेली राहिली. पाण्यात माशाची शेपटी भिजली, तेवढंच. मग आर्लेथा कष्टानं सरळ झाली आणि मासा बादलीत टाकला. तो पत्र्यावर आपटल्याचा आवाज तिला नको तेवढा मोठा वाटला. रेव्हरंडांनी टोपी काढली होती.

“टोपी घाल. कुणी मेलं नाहीये,” ती म्हणाली, आणि लगेच बादलीकडे बघून, “म्हणजे, मेलंय. पण घाल.”

थोड्या वेळात बादलीचा तळ झाकला. शेडजवळच्या टेबलावर रेव्हरंडांनी सुरी काढून मासे साफ करायला घेतले, आणि एकाचं पोट चिरून तिच्यापुढे धरलं. आत चतुराचा एक पंख होता. बाकी काही नाही.

आर्लेथानं तो पंख बोटाच्या टोकावर घेतला. “लेकरांनो,” एवढंच म्हणाली. मग नाक पुसलं आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला.

“मक्याचं पीठ पुष्कळ आहे घरात. शनिवारी सगळ्यांना बोलवायचं, तळायला मोठी कढई लावू. प्रत्येकानं काठी आणावी, बादली आणावी, आणि रिकामी बादली घेऊन कुणी घरी जायचं नाही.”

रेव्हरंडांचा चेहरा उजळला. “मग उद्याच लिहायला बसतो! बुधवारच्या प्रार्थनेला असं सुरातच—”

“सुरात नको!” आर्लेथा काठी उचलून धक्क्याकडे निघाली होती, ती मागे वळली. “फोन कर. एकेकाला. साध्या शब्दांत. लवी क्रेन्शॉला आधी. आणि हात चालव, थर्मन, मी आणखी आणते.”